दाराजवळची जागा

बाबा, गेल्या रविवारी तुला भिंतीवर टांगलं. खिळा मी ठोकला. नव्या इमारतीची भिंत, सिमेंट कडक, पहिला खिळा वाकला, मग जरा जाडजूड आणावा लागला. ठोकताना मला फार बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुझा गैरसमज नको. मुलगा इतक्या वर्षांनी लिहितोय म्हणजे त्याला पाझर फुटला असेल, असं काही मनात आणू नकोस.

'तू' म्हणतोय, त्याचाही राग येईल. पण हे तूच शिकवलंस. देवाला 'तू' म्हणा, तो बाप आहे, असं आम्हाला सांगितलंस आणि त्याच दमात स्वतःला मात्र 'तुम्ही' म्हणवून घेतलंस. म्हणजे घरात दोन बाप होते, आणि त्यातल्या मोठ्याशी बोलणं सोपं होतं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि वरच्याशी माझं बोलणं कधीचंच बंद आहे. तेव्हा शिल्लक पडलेला 'तू' तुझ्यासाठी वापरतो.

झालं असं, की तुझ्या ख्रिस्ती मंडळीने रोह्याजवळ वरसेला स्वतःची इमारत बांधली. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तू जी उपासना सुरू केलीस, तिला आता पंखे आहेत, माइक आहे, चपला ठेवायला मांडणी आहे. तुझ्या जागी आलेला नवा पाळक म्हणजे तरुण पोरगा, दाढी राखलेला, सगळ्यांना 'दादा-ताई' म्हणणारा. त्याने मला पेणला फोन केला. "दादा, तुमच्या वडिलांचा फोटो लावतोय आपण. तुम्ही लिहिणारे आहात. त्यांच्या विश्वासाबद्दल दोन शब्द बोला ना." मी साप्ताहिकात लोकांची सालं काढतो, हे त्याला माहीत असावं, पण कुणाची काढायची राहिली आहेत ते माहीत नसावं. मेंढपाळाविषयी दोन शब्द बोलायला बिचाऱ्याने लांडग्याला बोलावलं. मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की त्याला वाटलं, प्रभूने माझं अंतःकरण तयार करून ठेवलं होतं. होतंच तयार. धार लावून.

मला काय बोलायचं होतं ते तुला सांगतो, कारण तिथे बोलता आलं नाही. तू गागोद्याच्या पुढच्या गावातला, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला. रोह्याला कंपनीत लागलास. दारू प्यायला तिथेच शिकलास आणि सोडायलाही तिथेच. तुझ्या शिफ्टला असणारा एक काका तुला प्रार्थनेला घेऊन गेला आणि तू परत आलास तो वेगळाच माणूस होऊन. दारू सुटली, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. आई म्हणते, "दारू उतरली नि धरम चढला." मग गावाची बैठक बसली आणि भावकीने तुला वाळीत टाकलं. लग्नाचं बोलावणं बंद. आपल्या बांधावरून कुणी जाईना, आपल्या घरचं पाणी कुणी पिईना. आजोबा गेले तेव्हा तुला खांदा देऊ दिला नाही. तू लांब बांधावर उभा, आई तुझ्या शेजारी, मी तिच्या कडेवर. आई सांगते की तेव्हा तू तिचा हात धरलास. चारचौघांत, पहिल्यांदा. दुसऱ्यांदा धरल्याचं तिला आठवत नाही.

तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला धर्म बदलायचाय का. पण वाळीत ती तुझ्याबरोबर पडली. तक्रार केली नाही. पुढे अष्टमीच्या खोलीत तू पहिल्यांदा उभा राहून बोललास तेव्हा मी चटईवर पुढे बसलो होतो. मिठागरावरची चार माणसं होती, कंपनीतले कंत्राटी होते, नवऱ्याने टाकलेली एक मावशी होती. तू म्हणालास, "हितं कोन वाळीत नाय. येशूकडं धरम नाय, नातं हाय. बापाचं घर हाय ह्ये." ती मावशी पदर तोंडात धरून रडली. मीही रडलो, का ते न कळता. बाबा, ते वाक्य तुझं सर्वांत चांगलं वाक्य होतं. म्हणूनच तुला सोडता येत नाही. माणूस मुळातच खोटं बोलणारा असला की त्याच्यावर डूख धरायला मजा येत नाही. तू खरं बोललास आणि मग ते मोडलंस.

प्रभुभोजनाला, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या त्या आठवणीला, पाव कुठून आणायचा, म्हणून आई तांदळाची भाकरी भाजायची. द्राक्षरसाच्या जागी कोकमाचं सरबत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पहाटे उठून उकड काढायची, आणि ती पांढरीशुभ्र, पापुद्रा फुगलेली भाकरी स्टीलच्या ताटात, वर रुमाल घालून ठेवायची. तू ती मोडायचास. कुणाला मोठा तुकडा, कुणाला छोटा. मला नेहमी छोटा, कारण पाळकाच्या पोराने मागे राहायला शिकावं. तेवढ्यावरून मी तुझ्याशी भांडलो नसतो.

पण आईचं माहेर पेणचं. मामाचा गणपतीचा कारखाना. रोह्याहून सकाळची एसटी धरून ती पावसाळाभर तिथे जायची आणि मूर्तींचे डोळे काढायची. आखणी म्हणतात त्याला, हे तुला माहीत आहे. सुट्टीत मीही जायचो. रंगाचा, ओल्या मातीचा वास, रांगेने बसलेले आंधळे गणपती, आणि आई एकेकासमोर मांडी घालून बसते, बारीक कुंचला उचलते, श्वास धरते. त्या वेळी कारखान्यात कुणी शिंकतसुद्धा नाही. मग ती मागे सरते आणि तो आंधळा तुमच्याकडे बघायला लागतो. सरळ नव्हे, किंचित खाली. मी विचारलं होतं, असं खाली का बघतात ग? म्हणाली, "तो पाटावर बसनार, मानसं खाली बसनार. वर बघून कसं चालंल रे? जो बसलाय त्याच्याकडं बघाया नको?"

तुला हे सगळं ठाऊक होतं. कंपनी बंद पडली तेव्हा त्या डोळ्यांवरच आपली चूल पेटली, हेही ठाऊक होतं, आणि तेव्हा तुझ्या घशाखाली भात बरोबर उतरत होता. मग बाहेरगावचे कुणी मोठे उपदेशक आले, जेवले, हात पुसता पुसता म्हणाले, "ब्रदर, पाळकाची पत्नी मूर्ती रंगवते असं ऐकलं." तेवढंच. रागावलेसुद्धा नाहीत. पण तुझं तोंड असं झालं की जणू गावची बैठक पुन्हा बसली आहे. आईला तू घरात विचारू शकला असतास. भांडू शकला असतास. आदळआपट केली असतीस तरी चाललं असतं. तू रविवारपर्यंत थांबलास. भाकरी ताटात आली, रुमाल काढलास आणि म्हणालास, "आपल्यातल्या एका बहिणीला पश्चात्ताप होईपर्यंत आपण प्रभूच्या मेजापासून दूर ठेवीत आहोत."

बहीण! सकाळी त्या बहिणीने तुझ्या सदऱ्याची तुटलेली गुंडी टाचून दिली होती. ताटात तिचीच भाकरी होती, अजून कोमट. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती उठली, पदर सारखा केला आणि मागे दाराजवळ जाऊन बसली. बाबा, तू गाव सोडलंस, कुलदैवत सोडलंस, बारसं-श्राद्ध सगळं सोडलंस, पण वाळीत टाकायची कला तेवढी गाठीला बांधून आणलीस. नाव फक्त बदललंस. गावात त्याला वाळीत म्हणतात, तू शिस्त म्हणालास.

आणि तिने भाकऱ्या भाजायच्या थांबवाव्यात, असं तुला वाटलं नाही. हाताला बंदी नव्हती, तोंडाला होती. उलट त्या नाताळला तू तिला एक भेट आणलीस. कागदात गुंडाळलेली, जड. तिने हौसेने उघडली. बिडाचा तवा. म्हणालास, "प्रभूच्या भाकरीला वेगळा. यावर दुसरं काय भाजू नको." आमच्या आजीचं सोवळं तुला जुनाट वाटायचं ना? तिची निदान ओली साडी असायची, वाळली की संपलं. तुझं सोवळं लोखंडाचं. तू गेल्यावर महिन्याभरात तिने त्या तव्यावर सुके बोंबील भाजले. सगळ्या आळीला वास. मी दारात उभा राहून तो वास घेतला आणि तुझ्या नावाने अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

एकदा मी तुला विचारलं होतं. रविवारच्या शाळेत, सगळ्या पोरांसमोर. ज्याने येशूला धरून दिलं, त्यालाही त्या मेजावर तुकडा मिळाला होता ना? येशूला तर माहीत होतं. मग आईला का नाही? मला खरंच उत्तर हवं होतं. तू म्हणालास, "बाहेर उभा राहा." मी पडवीत गेलो. आई तिथेच होती, तांदूळ निवडत. तिने आतलं सगळं ऐकलं होतं. सरकून मला जागा करून दिली आणि म्हणाली, "बस. हितं वारा येतो." त्या दिवसापासून मला आतल्यापेक्षा बाहेरचं बरं वाटायला लागलं, आणि देव बापासारखा आहे असं कुणी म्हटलं की मी पडवी शोधतो.

तरी मी एक शेवटची आशा ठेवून होतो. तू छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलास, बोलणं कमी झालं, आणि शिफ्टवाले काका घरी प्रभुभोजन घेऊन आले. घेऊन काय आले, भाकरी आपल्याच घरातली. आईने भाजलेली, त्याच तव्यावर. काकांनी तुकडा तुझ्या हातात दिला. आई उशाशी पाण्याचा पेला घेऊन उभी. तू तिच्याकडे बघितलंस. मी दारातून बघत होतो. मला वाटलं, आता. आता हा मोडील त्या तुकड्याचे दोन. काकांनासुद्धा वाटलं असावं, कारण ते प्रार्थना करायचे थांबले. तू अख्खा तुकडा तोंडात घातलास, सावकाश चावलास आणि म्हणालास, "पाणी."

हे मला माइकवर सांगायचं होतं. याच शब्दांत. तुझ्या फोटोच्या शेजारी उभं राहून.

तुझ्या पश्चात त्यांनी आईवरची बंदी उठवली होती, तुला दफन करून माती वाळायच्या आत. पण ती म्हणाली, "नको. ज्यानी काढलं त्यानीच घ्यावं आत." झालं. तेव्हापासून ती दाराजवळच बसते. पहिल्या रविवारी ताट तिच्यापाशी येतं, ती दोन्ही हातांनी धरते आणि पुढे देते. मंडळीतल्या बायका पोरींना सांगतात, बघ, नवऱ्याची आज्ञा मेल्यावरही पाळते. मला तिचाही राग यायचा. माझ्या लेखांत मी सगळ्या आज्ञाधारक बायकांची थट्टा केली आहे, ती तिच्यामुळे.

आता फोटोचं. तुझा एकट्याचा फोटो निघाला तो कंपनीच्या पासवरचा, नखाएवढा. मोठा करायला दिला तर बाकी सगळं आलं, डोळ्यांच्या जागी दोन डाग. स्टुडिओवाल्याने मोबाइलमध्ये घालून काहीतरी खटपट केली, तर तू सिनेमातल्या खलनायकासारखा दिसायला लागलास. मला तो चालला असता. पण पाळक म्हणाला, नको, हे ते नाहीत. आई, मी, काका आणि पाळक आपल्या जुन्या खोलीत तो फोटो मध्ये ठेवून बसलो होतो. काका आता पार म्हातारे झालेत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वयनी, तुमचा हात हाय की. दोन डोळं काढून द्या."

बोलून गेले आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. कान लाल झाले. पोरगा पाळक एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काढीन. पन मूर्तीचं काम हाय. मंडळीला चालंल ना?"

"मूर्ती कसली वयनी, फोटो हाय तो."

"मंग बरं. उगाच तुमचा धरम बाटायचा."

काकांना ठसका लागला. पाणी मी दिलं.

ते गेल्यावर मी आईला माझं भाषण वाचून दाखवलं. तिने पुरतं ऐकलं, शेंगांची टरफलं सुपात गोळा केली आणि म्हणाली, "चांगलं लिवलंस. फाडून टाक."

"का? खरं नाय त्यातलं काय?"

"सगलं खरं हाय. पन मानूस माजा होता, भांडन माजं हाय. तू मदी नको येऊस."

मी चिडलो. म्हणालो, कसलं भांडण? जन्मभर त्यांची आज्ञा पाळत दाराशी बसलीस, याला भांडण म्हणतात? तेव्हा ती हसली. बाबा, तिला तसं हसताना तू कधी पाहिलं नाहीस. म्हणाली, "आज्ञा? कसली आज्ञा रे? तो वर गेलाय ना, देवाच्या घरी? तितनं दिसत असंल त्याला. दर महिन्याला ताट माज्यापुडनं जाताना दिसत असंल. दिसू दे की."

साप्ताहिकात इतकी वर्षं मी जे करायला धडपडतोय ते ती एक शब्द न बोलता, दोन हातांनी ताट पुढे सरकवून करत होती. आणि वर आज्ञाधारक म्हणवून घेत होती.

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीशी उजेडात पाट मांडला, तुला भिंतीला टेकवलं, समोर मांडी घातली. मामाच्या कारखान्यातला जुना कुंचला तिने जपून ठेवला होता. तिने श्वास धरला तसा मीही धरला. मागे सरली. "बघ रे," म्हणाली.

मी बघितलं आणि पुन्हा जवळ जाऊन बघितलं. ते तुझे डोळे नव्हते, बाबा. ते डोळे मी लहानपणी शेकड्यांनी बघितलेत. पापणीची तीच कमान, कोपऱ्यातली तीच बारीक ओढ, बुबुळावर तोच पांढरा ठिपका आणि नजर किंचित खाली, समोर बसलेल्याकडे. ज्या डोळ्यांसाठी तू तिला दाराशी बसवलंस, तेच डोळे तिने तुझ्या तोंडावर बसवले.

"आई, हे ह्यांचे डोळे नाहीत."

"न्हवतेच त्याला. नुस्तं दिसून काय उपेग? बघायची नजर लागते. ती दिली."

रविवारी पडदा सरकला. समोरच्या भिंतीवर क्रूस, बाजूच्या भिंतीवर तू. माणसं बघतच राहिली. ती नवऱ्याने टाकलेली मावशी, आता काठी टेकत येते, म्हणाली, "काय गो मायाळू डोळं हायेत! असंच बघायचे ते." असंच! मला खोकल्याचं सोंग करावं लागलं. एकालाही कळलं नाही. पेणपासून काही कोसांवर राहणारी माणसं, दरवर्षी गावभर त्या डोळ्यांच्या मिरवणुका बघणारी, आणि देवाच्या घरात तेच डोळे ओळखू आले नाहीत. मूर्तींविरुद्ध पाच-पाच उपदेश देणारा माणूस भिंतीवर बसून सगळ्यांकडे मायेने बघतोय, आणि खालून त्याची मंडळी 'प्रभूची स्तुती असो' म्हणतेय. याहून मोठा सूड मला लिहून जमला नसता. मी माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "यांनी मला देवाला 'तू' म्हणायला शिकवलं." आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मुलाचा गळा दाटला.

मग प्रभुभोजन. भाकरी आईचीच. पाळकाने मोडली, ताट फिरत फिरत दारापाशी आलं. आईने दोन्ही हातांनी धरलं. वर तुझ्याकडे बघितलं. तूही बघत होतास, तुला दुसरा इलाजच तिने ठेवला नव्हता. मग तिने चांगला मोठासा तुकडा उचलला आणि खाल्ला. सावकाश, चावून, तुझ्यासारखाच. काका उघडपणे रडले.

घरी येताना मी विचारलं, माफ केलंस त्यांना? म्हणाली, "माफ करायला देव हाय, त्याचं कामच ते. मी माजी भाकर खाल्ली." आणि थोडं चालून, "मीठ कमी पडलं होतं जरा."

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुझ्याच शिकवणीप्रमाणे तू मेलेल्यांना उठवणाऱ्या शेवटच्या कर्ण्यापर्यंत निजलेला आहेस, आणि निजलेल्या माणसाला कुणी पत्र धाडत नाही. राग माझा तसाच आहे, तुझ्या त्या 'पाणी' शब्दासकट. तो तुकडा तू अख्खा खाल्लास, हे मी कर्णा वाजल्यावरही सगळ्यांसमोर काढणार आहे. पण भोजन चाललं होतं तेव्हा मी माझ्या खुर्चीवरून उठून आईच्या शेजारी, दाराजवळ जाऊन बसलो. तिथे वारा येतो म्हणून. तिथून ते डोळे थेट दिसतात. ताट माझ्यापाशी आलं, मी ते पुढे दिलं, कारण कुणीतरी देत राहायला हवं. तू बघितलंस. मीही बघितलं. कुणाचीही नजर आधी हलली नाही.

येत्या रविवारी मी पुन्हा वरसेला जातोय. फोटोचा खिळा जरा वाकडा बसलाय, तो सरळ करायला हवा, असं आईला सांगितलंय. खिळा सरळ आहे.